बरणीतला बेडूक आणि बाहेरची चिठ्ठी



आमच्या वडशात कोणी ‘सीटी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी वाघ उभा राहतो. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागांतील जंगलांत एका वाघाने २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत तेरा माणसांचा बळी घेतला होता. वनखात्याच्या दप्तरी त्या वाघाचे नाव होते ‘सीटी-१’. सीटी म्हणजे ‘कॉन्फ्लिक्ट टायगर’, माणसाशी संघर्ष होत असलेला वाघ. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याला गुंगीचे औषध देऊन वडशाच्या जंगलात पकडले आणि नागपूरला गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात नेले. तेव्हापासून मी भौतिकीच्या वर्गात ‘आज आपण सीटी शिकणार आहोत’ असे म्हटले की मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा सावरून बसतात.

मला सांगायचे आहे ते दुसऱ्या सीटीविषयी. घरातल्या कोणाच्या डोक्याला मार लागला, तर डॉक्टर ‘सीटी काढून आणा’ म्हणतात, ती सीटी. संगणकाच्या मदतीने घेतलेली ही छेदचित्रे आता माणसांप्रमाणेच मेलेल्या प्राण्यांचीही घेतली जातात. शंभर-दीडशे वर्षे संग्रहालयाच्या कपाटात पडून असलेले साप, बेडूक, पक्षी आणि मासे या यंत्रात ठेवले जात आहेत, आणि पीएच.डी. झालेली हुशार माणसे आयुष्याची दोन-तीन वर्षे या एकाच कामात घालवीत आहेत. हा काय खटाटोप आहे, असे तुम्हांला वाटेल. त्या खटाटोपाबद्दल माझे एक मत आहे, पण त्याआधी यंत्र थोडे समजून घेऊ.

क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस लावला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १८९६ च्या आरंभी, व्हिएन्नातील एडर आणि व्हालेंटा या दोघांनी बेडूक, मासे आणि साप यांची सुंदर क्ष-किरण चित्रे छापून प्रसिद्ध केली. म्हणजे प्राण्यांचे अंतरंग न कापता पाहण्याची हौस या किरणांइतकीच जुनी आहे. पण साध्या क्ष-किरण चित्रात एक अडचण असते. ते सावलीचे चित्र असते. संध्याकाळी भिंतीवर पडलेली बैलगाडीची सावली आठवा. दोन्ही चाके एकात एक मिसळलेली असतात, जवळचे कोणते आणि दूरचे कोणते ते सावलीवरून कळत नाही. बेडकाच्या कवटीत तर अशी डझनावारी हाडे एकमेकांच्या आड येतात.

यावर उपाय काय? एक कोडे सोडवा. चार खणांची एक बंद पेटी आहे, वर दोन खण आणि खाली दोन. प्रत्येक खणात काही गोट्या आहेत. पेटी उघडायची नाही. वरच्या ओळीत मिळून ५ गोट्या आहेत आणि खालच्या ओळीत ९. डावीकडच्या उभ्या रांगेत ४ आणि उजवीकडच्या रांगेत १०. सांगा, कोणत्या खणात किती? करून पाहा, म्हणजे लक्षात येईल की एकापेक्षा अधिक उत्तरे येतात. वर ३ आणि २, खाली १ आणि ८ हे बरोबर. वर २ आणि ३, खाली २ आणि ७ हेही बरोबर. आता मी तिरकी एक बेरीज सांगतो. वरचा डावा आणि खालचा उजवा खण मिळून ११. झाले, उत्तर एकच उरले. दिशा वाढली की गोंधळ कमी होतो.

सीटी यंत्र हेच करते. प्रत्येक क्ष-किरण वाटेत भेटलेल्या पदार्थांनी मिळून त्याला किती शोषले याची एक बेरीज घेऊन बाहेर पडतो. शेकडो दिशांनी अशा बेरजा घ्यायच्या आणि त्यांवरून प्रत्येक खणातला आकडा काढायचा. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याने पहिले यंत्र बनविले तेव्हा तो खाटकाकडून बैलाचा मेंदू आणून त्यावर प्रयोग करीत असे. पहिल्या प्रयोगात मोजमापे घ्यायलाच नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे छेदचित्र घेतले गेले, आणि १९७९ साली हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पाठ्यपुस्तकांत ती सहसा येत नाही. त्याच १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी या बेरजांवरून चित्र काढण्याची एक सोपी आणि वेगवान गणिती रीत प्रसिद्ध केली. आजही छेदचित्रांच्या संगणक-प्रणालीत ‘राम-लाक’ नावाचा एक पर्याय दिसतो. तो या दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून झालेला आहे. जगाच्या पाठीवर कुठे तरी एखादी संशोधक रोज त्यावर बोट ठेवीत असेल, आणि हे दोघे कोण हे तिला ठाऊकही नसेल.

रुग्णालयातल्या यंत्रात माणूस निजलेला असतो आणि किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते. संग्रहालयातल्या सूक्ष्म-सीटी यंत्रात बहुधा उलट असते. नळी स्थिर, आणि नमुना एका लहानशा फिरत्या चकतीवर. जिवंत रुग्णाला जास्त किरण देणे घातक, म्हणून तिथे घाई असते. मेलेल्या बेडकाला ती भीती नाही, त्याला तासन् तास फिरवता येते. त्यामुळे रुग्णालयात साधारण अर्धा मिलिमीटरपर्यंतचे बारकावे दिसतात, तर इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके आणि त्याहूनही बारीक. हिशेब करून पाहा. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी २००० खणांची धरली तर एकूण खण होतात ८०० कोटी. मघाच्या कोड्यात चारच होते!

हाडे या चित्रात उठून दिसतात, याचे कारण त्यांतील कॅल्शियम. ज्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक मोठा, ते क्ष-किरण जास्त शोषते, आणि हे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. कार्बनचा अणुक्रमांक ६, कॅल्शियमचा २०. स्नायू, मेंदू आणि नसा मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांच्या असल्याने त्या एकमेकींपासून वेगळ्या दिसत नाहीत. त्यासाठी युक्ती अशी की नमुना काही दिवस आयोडीनच्या द्रावणात ठेवायचा. बटाट्यातला पिष्टमय पदार्थ ओळखायला तुम्ही जे वापरता तेच हे आयोडीन. त्याचा अणुक्रमांक ५३. स्नायू आणि मेंदू ते कमी-अधिक प्रमाणात शोषून घेतात आणि चित्रात उजळून दिसतात. नंतर छायाचित्रकारांच्या ‘हायपो’ने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, रंग बराचसा काढून टाकता येतो. मात्र या आंघोळीत नमुना थोडा आकसतो. म्हणून दुर्मीळ नमुना असला तर संग्रहपाल चटकन परवानगी देत नाहीत, आणि ते योग्यच करतात.

आता यात काम करणाऱ्या माणसाकडे वळू. पीएच.डी. झाल्यावर लगेच कायमची नोकरी मिळतेच असे नाही. मधली काही वर्षे एखाद्या प्रकल्पावर ठरावीक मुदतीसाठी संशोधन करावे लागते. अशा माणसाला ‘पोस्ट-डॉक’ म्हणतात. प्राण्यांच्या छेदचित्रणाचे काम बहुतेक ठिकाणी हीच मंडळी करतात. त्यांचा दिवस कसा जातो, ते ऐका. संग्रहपालाकडून बरणी सही करून घ्यायची. नमुना स्पिरिटमधून काढून ओलसर फडक्यात गुंडाळायचा, म्हणजे तो वाळणार नाही. मग तो स्पंजच्या तुकड्यांनी असा घट्ट बसवायचा की केसभरही हलणार नाही, कारण हलला की सगळे चित्र पुसट. यंत्राचे काम काही तासांत होते. खरे काम पुढे असते. संगणकाच्या पडद्यावर एकेका छेदात हे हाड जबड्याचे, हे टाळूचे, हे कानाचे असे रंग भरीत जायचे. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम. एका लहान सापाच्या कवटीला आठवडेच्या आठवडे लागू शकतात. नियतकालिकांत रंगीबेरंगी कवट्या छापून येतात, त्यांमागे ही निवडणी असते. मी स्वतः एम.एस्सी.पर्यंत शिकून शिकवण्याकडे वळलेला माणूस. पण तुमच्यापैकी कोणी या वाटेने गेले तर मला आनंद होईल. नोकरीची अनिश्चितता मात्र लपवून ठेवणार नाही. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा दुसरे गाव, हे त्यात आलेच.

या कामाचा एक मोठा प्रकल्प अमेरिकेत झाला. नाव ‘ओपन-व्हर्टिब्रेट’. २०१७ ते २०२३ या काळात अठरा संस्थांनी मिळून तेरा हजारांहून अधिक नमुन्यांची चित्रे घेतली आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येतील अशी ‘मॉर्फोसोर्स’ या संगणकीय भांडारात ठेवली. या कामात गंमतीही झाल्या. काटेरी उंदरांचे नमुने पाहताना एडवर्ड स्टॅन्ली या शास्त्रज्ञाला त्यांच्या शेपटीत, कातडीखाली, हाडांच्या चकत्यांचे चिलखत दिसले. हयात सस्तन प्राण्यांत असे हाडांचे चिलखत तोवर आर्माडिलोंमध्येच ठाऊक होते. (आपल्या जंगलातल्या खवल्या मांजराचे खवले हाडांचे नसतात. ते नखांसारख्या केराटिनचे असतात, क्ष-किरणांत ते हाडांसारखे उठून दिसत नाहीत.) काटेरी उंदीर काही नवे नव्हते, वर्षानुवर्षे संग्रहालयांत होते. त्यांच्या शेपटीत कोणी पाहिले नव्हते, इतकेच.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, यंत्रच सारे सांगते तर! माझा मतभेद नेमका इथे आहे. यंत्र निम्मेच सांगते. उरलेले निम्मे नमुन्याच्या पायाला किंवा बरणीला बांधलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर असते. प्राणी कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी आणला. ही चिठ्ठी आणि ते चित्र म्हणजे खटल्यातले दोन साक्षीदार आहेत. कधी एक खोटे बोलतो आणि दुसरा त्याला पकडतो. एकच उरला तर खटला उभा राहत नाही.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले देतो. रानपिंगळा हे नाव ऐकले आहे का? गावात विजेच्या तारेवर बसणारा, टिपके असलेला पिंगळा सर्वांच्या ओळखीचा. त्याचा हा जंगलातला भाऊबंद. १८७२ साली आजच्या छत्तीसगढातील फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना तो प्रथम मिळाला आणि ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, शहादे-तळोदे भागात, त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर त्याची एकच नोंद होती. रिचर्ड माइनर्टझागन नावाच्या नामांकित लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला एक नमुना, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे ठिकाण. पुढे जे कोणी रानपिंगळा शोधायला निघाले त्यांना या चिठ्ठीचा भरवसा धरावा लागला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनाही हा पक्षी मिळाला नाही. तो बहुधा नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

१९९० च्या दशकात स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन आणि ब्रिटिश पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी हे जुने नमुने पुन्हा तपासायला घेतले. माइनर्टझागनच्या संग्रहात इतरही चोरीचे पक्षी सापडले होते, म्हणून संशय आला. रानपिंगळ्याचे नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यांची क्ष-किरण चित्रे घेतली, आतला भराव तपासला. तेव्हा दिसून आले की मांडवीचा म्हणविला जाणारा तो पक्षी एकदा भरून शिवलेला होता, नंतर कोणी तरी उसवून पुन्हा भरला होता. मूळची घडण होती डेव्हिडसनच्या हातची. म्हणजे खानदेशातला पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरून, वेष बदलून, नवी चिठ्ठी बांधून ठेवलेला! १९१४ ही तारीख खोटी, मांडवी हे गावही खोटे.

खोटी चिठ्ठी दूर केल्यावर खऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी त्यांना यश आले नाही. मग ते डेव्हिडसनच्या चिठ्ठीवरच्या मुलखात, शहाद्याजवळ आले, आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. अखेरच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, तानसा अभयारण्यातही दिसला. विचार करा. एका माणसाच्या खोट्या ओळीने कितीजणांची पायपीट भलत्या वाटेला गेली, आणि दुसऱ्याने इमानाने लिहिलेले गावाचे नाव शतकानंतर कामी आले. हे क्ष-किरणांचे साधे चित्रण होते, सीटी नव्हे. पण साक्षीची रीत तीच.

डोडोची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकात नाहीसा झाला. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्या शतकात सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात डोडोचे एक डोके आहे आणि त्यावर अजून कातडी शिल्लक आहे. हा पक्षी लंडनला जिवंत आणून लोकांना दाखविलेला असावा, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. वॉरिक विद्यापीठात त्याचे सीटी चित्रण झाले, त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाला. डोक्याच्या मागच्या बाजूला आणि मानेत शिशाचे छर्रे! शिशाचा अणुक्रमांक ८२ आहे, तेव्हा क्ष-किरणांपासून ते लपणे शक्यच नव्हते. पक्षी मागून गोळी घालून मारला होता. इथे चित्राने जुन्या सांगण्याला खोडून काढले. पण तो कुठे मारला, केव्हा मारला आणि इंग्लंडात कसा आला? ते सांगणारी चिठ्ठीच नाही, आणि कितीही महागडे यंत्र आणले तरी ते चित्रात उमटणार नाही.

म्हणून तुम्हांला, आणि तुमच्या शिक्षकांना, एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सूक्ष्म-सीटी यंत्र वडशाला येणे दूरची गोष्ट आहे, आणि ते आले नाही म्हणून मला विशेष दुःखही नाही. नमुना टपालाने, गाडीने, विमानाने यंत्रापर्यंत जाऊ शकतो. हरवलेली चिठ्ठी कुठूनही आणता येत नाही. आपल्या भागातल्या एका शाळेत (नाव सांगत नाही) भिंतींना रंग द्यायचा म्हणून प्रयोगशाळेतले जुने कपाट बाहेर काढले होते. त्यात साप, विंचू, वटवाघळे अशा पंधरा-वीस बरण्या होत्या. काहींतले फॉर्मलिन आटले होते, चिठ्ठ्या पिवळ्या पडून गळाल्या होत्या. ‘कशाचे काय, कोण जाणे’ म्हणून सगळे खड्ड्यात गेले. त्यांतले एखादे वटवाघूळ चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या गावच्या देवळात मिळाले होते, हे लिहिलेले राहिले असते, तर टाकणाऱ्याचा हातही थोडा थबकला असता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातले विच्छेदन थांबविण्यास सांगितले, तेव्हापासून अशा बरण्यांकडे ‘आता यांचे काय काम’ अशा नजरेने पाहिले जाते. माझे म्हणणे उलट आहे. बेडूक कापायचा नसेल, तर मॉर्फोसोर्सवरचा बेडूक पडद्यावर फिरवून त्याची हाडे मोजा, आणि कपाटातली बरणी शेजारी ठेवा. त्यासाठी एकही बेडूक मारावा लागत नाही.

आता थोडे आपल्या भागाच्या हक्काचे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी नागपुरात राहत. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला नागपूरच्या दक्षिणेकडे मांगली येथे एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले, आणि ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतून १९८० च्या दशकात एका प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा निघाला. तो कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी काढला, म्हणून पुढे त्याचे नाव ‘इसिसॉरस’ झाले. डोंगरगावाचे नाव त्यात नाही! मूळ वस्तू परत द्या, असा तंटा मी मांडणार नाही. त्या सुरक्षित आहेत, यालाही किंमत आहे. पण छेदचित्रांचा एक गुण असा की त्यांची प्रत काढली तरी मूळ कमी होत नाही. ज्या जमिनीतून वस्तू निघाली, तिथल्या जिल्ह्याच्या संग्रहालयाला आणि विद्यापीठाला तिच्या चित्रांची प्रत मिळाली पाहिजे. त्या प्रतीवरून प्लॅस्टिकची कवटी छापून ती चंद्रपूरच्या मुलाच्या हातात देता येते. आणि चित्रांसोबत जुन्या चिठ्ठीचीही प्रत हवी, नाही तर निम्मीच वस्तू आली म्हणायची.

दुसरे म्हणजे, आज या जंगलांत जे मरते त्याची नोंद. वाघ मेला तर नियमांनुसार समितीसमोर शवविच्छेदन होते आणि शव जाळले जाते. कातडी-नखांची चोरटी विक्री थांबविण्यासाठी ते आवश्यकच आहे. पण रस्त्यावर चिरडलेले साप, गाडीला धडकलेले घुबड, विहिरीत बुडालेले उदमांजर यांचे काय? गोंडवाना विद्यापीठासारख्या संस्थेने वनखात्याच्या रीतसर परवानगीने असे मृत प्राणी नोंदवून जपावेत, असे माझे मत आहे. तुम्ही स्वतः मात्र असे काही उचलून घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे आणि मेलेल्या प्राण्यालाही तो लागू होतो. तुम्ही दिसेल तो प्राणी वहीत नोंदवा आणि वनरक्षकाला कळवा. शाळेच्या कपाटात आधीपासून असलेल्या बरण्यांची यादी करायला मात्र शिक्षकांना जरूर मदत करा.

यादी करताना गावाचे नाव कसे लिहाल? आमच्याच गावाचे पाहा. रेल्वे स्थानकावर पाटी वडसा अशी, तालुक्याच्या कागदांवर देसाईगंज. शंभर वर्षांनी कोणी तिऱ्हाईत या दोन चिठ्ठ्या वाचील, तर ही दोन वेगळी गावे समजून बसेल. जुन्या चिठ्ठीवर ‘चांदा जिल्हा’ असेल, तर ते ठिकाण आज चंद्रपुरात असेल किंवा गडचिरोलीत, कारण २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले. तेव्हा गाव, तालुका, जिल्हा सगळे लिहा, कंसात दुसरे नाव लिहा आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांशही लिहा. तारीख पूर्ण लिहा, ‘१२/७’ एवढ्याने भागत नाही. आणणाऱ्याचे नाव लिहा, मग तो गुराखी असो की मुख्याध्यापक. ठाऊक नसेल तिथे जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. मांडवीचे काय झाले ते मघाशी वाचलेतच. चिठ्ठी बरणीच्या आत ठेवायची असेल तर जाड कागद घ्या आणि शिसपेन्सिलीने लिहा. साधी शाई स्पिरिटमध्ये विरघळून जाते, पेन्सिलीचे ग्रॅफाइट विरघळत नाही.